टाळी कोणाची, वाक्याची की जमावाची?

भाषण ऐकणारा माणूस ऐकता ऐकताच उत्तर देत असतो. टाळी, शिट्टी, हशा, घोषणा, वर गेलेला हात, मांडी बदलणे, मागच्या रांगेतून उठून चहाच्या टपरीकडे जाणे, ही सगळी त्या उत्तराची रूपे आहेत. हा प्रतिसाद मोजायचा म्हणजे तीन गोष्टी टिपायच्या. तो नेमक्या कोणत्या वाक्याला आला, किती जणांकडून आला आणि किती जोराने, किती वेळ टिकला. जाहिरातीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. मात्र जाहिरात पाहणारा बहुधा घरात असतो आणि त्याचे उत्तर कोणाला ऐकू येत नाही. म्हणून जाहिरातवाल्यांना त्याच्या हातात बटण द्यावे लागले, त्याच्या बोटांना तारा जोडाव्या लागल्या, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखावा लागला.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गावर असलेले वडीगोद्री हे गाव या विषयाच्या अभ्यासाला फार मोलाचे आहे. येथून काही किलोमीटरवरच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला तेथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि १४ ऑक्टोबरला त्याच शिवारात विराट सभा भरली. पुढच्या वर्षी, १३ जून २०२४ पासून, लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये या मागणीसाठी वडीगोद्रीतच उपोषण केले. २२ जूनला मंत्र्यांचे शिष्टमंडळ आले आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी सप्टेंबरात दोन्हीकडची उपोषणे एकाच वेळी चालू होती. एकच पंचक्रोशी, एकच बोली, विषयही एकच, आणि मंच मात्र परस्परविरोधी. एका मंचासमोर ज्या वाक्याने शिवार दणाणते तेच वाक्य दुसऱ्या मंचावरून उच्चारले तर समोर शांतता पसरेल. मग टाळी वाक्याची की जमलेल्या माणसांची? या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि वडीगोद्रीच्या फाट्यावर तो पुस्तकापेक्षा स्पष्ट दिसतो.

मराठी रंगमंचाला प्रतिसाद आकड्यांत मोजण्याची सवय जुनी आहे. तमाशाच्या फडात आणि संगीत बारीत दौलतजादा होते. लावणीची ओळ आवडली की रसिक पैसे पुढे करतो, त्याचे नाव पुकारले जाते आणि ती ओळ पुन्हा म्हटली जाते. कोणत्या ओळीला, कोणी आणि किती, ही तिन्ही उत्तरे येथे जागच्या जागी मिळतात. संगीत नाटकातला वन्स मोअर हे त्याच जातीचे दुसरे माप. पण दौलतजादाचा दोषही तितकाच जुना आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचीच आवड मोजली जाते. कनातीला टेकून उभा राहिलेला, तीच ओळ मनात घोळवत घरी जाणारा सालगडी मोजणीत येत नाही. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्रात हा दोष वेगळा वेष घेऊन हजर झालेला दिसतो.

राजकीय सभेतल्या टाळीचा बारकाईने अभ्यास १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये झाला. मॅक्स अॅटकिन्सन या समाजशास्त्रज्ञाने भाषणांच्या ध्वनिफिती पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि १९८४ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. टाळी वाक्य संपताच, साधारण सेकंदाच्या आत सुरू होते आणि बहुतेक वेळा आठ सेकंदांच्या आसपास चालते. त्याहून बरीच आधी विरली तर प्रतिसाद कोमट, बरीच लांबली तर खरा उत्साह. एकट्याने टाळी वाजवून फजिती व्हावी असे कोणालाच वाटत नसते. त्यामुळे सगळ्यांनी एकदम कधी वाजवायची याची खूण वक्त्याला वाक्याच्या घडणीतूनच द्यावी लागते. जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी १९८१ च्या पक्ष अधिवेशनांतली ४७६ भाषणे तपासून १९८६ मध्ये दाखवले की दोन तृतीयांशांहून अधिक टाळ्या सात ठराविक रचनांना पडल्या होत्या. विरोध, त्रिक, कोडे घालून उत्तर देणे आणि तेच पुन्हा ठासून सांगणे या त्यांतल्या ठळक रचना.

मराठी सभेला ही मोजपट्टी लावताना भाषेचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ‘त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे माणसं आहेत’ हा विरोध कोणत्याही भाषेत चालतो. ‘पाणी दिलं नाही, वीज दिली नाही, मालाला भाव दिला नाही’ हे त्रिकही तसेच. तिसरा ‘नाही’ येणार हे पहिल्या दोनांवरून कळलेले असते आणि हात आधीच वर आलेले असतात. पण साध्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘आम्ही ही जमीन कुणाच्याही घशात जाऊ देणार’ इथपर्यंत ऐकूनही निकाल लागलेला नसतो. तो ‘नाही’ या शेवटच्या शब्दावर लागतो. म्हणून मुरलेला वक्ता वाक्य दोनदा म्हणतो. पहिल्यांदा ते समजण्यासाठी आणि दुसऱ्यांदा टाळीसाठी. दुसऱ्या वेळी तो क्रियापद उचलून पुढे आणतो: ‘नाही जाऊ देणार, एक गुंठा नाही जाऊ देणार!’ नोंद घेणाऱ्याने टाळी पहिल्या उच्चाराला पडली की दुसऱ्या, हे वेगळे लिहायला हवे. पहिल्याला पडलेली टाळी बहुतेक वेळा आशयाची असते, दुसरीत वक्त्याच्या कसबाचा वाटा मोठा असतो.

मराठवाड्यातल्या सभेत आणखी एक प्रकार सर्रास दिसतो, तो म्हणजे प्रश्न विचारून उत्तर घेणे. ‘पाहिजे का नको?’, ‘हात वर करून सांगा’, ‘आवाज आला नाही, पुन्हा सांगा’. येथे वक्ता स्वतःच मोजणी करतो आणि त्याच दमात मोजमाप बिघडवतोही. शेजारच्या दहा जणांचे हात वर गेल्यावर अकराव्याचा हात खाली राहणे अवघड असते. कायद्याने हा धडा घेतल्याचे एक उदाहरण घरचेच आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे की नाही हे ठरवताना महाराष्ट्रात आडवी बाटली–उभी बाटली अशी चिन्हे छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदान होते. भर सभेत हात वर करायचा असता तर दुकानदाराच्या आणि घरातल्या पुरुषांच्या नजरेसमोर किती बायांचे हात उठले असते, हे गावातल्या कोणालाही समजते.

काही प्रतिसाद तर भाषणाआधीच ठरलेले असतात. जेसीबीतून उधळलेली फुले, क्रेनला टांगलेला हार, तुतारी, हलगी, ‘मोबाईलच्या बॅटऱ्या लावा’ म्हणताच पेटलेला उजेड, हे सगळे डोळे दिपवते. पण जेसीबी आदल्या दिवशी सांगून ठेवलेला असतो, म्हणून कोणत्याही वाक्याविषयी त्यातून काही कळत नाही. मोजणीच्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना हवा. तक्ता साधाच असतो: वेळ, उच्चारलेले वाक्य, प्रतिसादाचा प्रकार, तो किती सेकंद टिकला, सुरुवात पुढून झाली की मागून, पुरुषांच्या बाजूने की बायकांच्या. सुरुवात कोठून झाली हा रकाना सर्वांत बोलका असतो. दर वेळी मंचाजवळच्या त्याच दहा-पंधरा जणांपासून टाळी सुरू होत असेल तर ते कार्यकर्ते आहेत. पॅरिसच्या ऑपेरागृहांत एकोणिसाव्या शतकात पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची रीतसर टोळी असे. त्यांचे कामही असेच, पहिली टाळी वाजवून बाकीच्यांचा संकोच मोडण्याचे.

आवाज मोजणे वरवर सोपे वाटते, कारण डेसिबल मोजणारे यंत्र हातात मावते. पण डेसिबल हे साध्या बेरजेचे माप नाही. टाळ्या वाजवणारे दुप्पट झाले तर आकडा फक्त ३ ने वाढतो. दहापट झाले तर १० ने. अंतराचा परिणाम त्याहून मोठा आहे. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते. यंत्रापासून १० मीटरवर बसलेल्या एका माणसाच्या टाळीइतका आवाज व्हायला १०० मीटरवरच्या शंभर माणसांना टाळी वाजवावी लागते. मंचावरच्या माईकला ऐकू येणारी ‘जनतेची टाळी’ अशी मुख्यतः पुढच्या काही रांगांचीच असते. त्यात आवाजाचा वेगही आड येतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानभर कर्णे लावलेले असल्याने वक्त्याचे वाक्य शेवटच्या रांगेला जवळजवळ तत्काळ पोचते, पण तिची टाळी मंचापर्यंत यायला सेकंदभर किंवा जास्त लागतो. तोवर वक्ता पुढच्या वाक्यात शिरलेला असतो. मोठ्या सभेत मुरलेले वक्ते लांब थांबे घेतात त्याचे एक कारण हे अंतर असावे.

५ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईत एकाच संध्याकाळी दोन दसरा मेळावे झाले. शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा आणि वांद्रे-कुर्ला संकुलात एकनाथ शिंदे यांचा. ध्वनिप्रदूषणावर काम करणाऱ्या आवाज फाउंडेशनने दोन्हीकडे डेसिबल मोजले आणि शिवाजी पार्कचा आकडा जास्त निघाला. संस्थेचा हेतू गोंगाटाची नोंद घेण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण असा आकडा लोकप्रियतेचे माप म्हणून वापरता येत नाही, कारण कर्ण्याचा आवाज आणि गर्दीचा आवाज यंत्राला वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी वक्ता थांबलेला असतानाचे क्षण तेवढे निवडून मोजावे लागतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ह्यूई ग्रीन यांच्या प्रसिद्ध कार्यक्रमात टाळ्या मोजणारा काटा स्टुडिओत मिरवला जाई, मात्र विजेता ठरे तो प्रेक्षकांनी टपालाने पाठवलेल्या मतांवर.

गर्दी मोजणे ही प्रतिसादाची अगदी पहिली पायरी. अमेरिकेत बर्कली येथे पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांवरून एक पद्धत बसवली. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार चौरस फूट. शेतकऱ्याच्या मापात सांगायचे तर गुंठ्यात विरळ बसले तर सुमारे १०९ आणि खेटून उभे राहिले तर २४२ माणसे मावतात; एकरात अनुक्रमे ४,३५६ आणि ९,६८०. शंभर एकरांचे रान पूर्ण भरले असे मानले तरी आकडा सुमारे चार लाख छत्तीस हजारांपासून नऊ लाख अडुसष्ट हजारांपर्यंत कोठेही असू शकतो. मांडी घालून बसणाऱ्याला जागा जास्त लागते, मंचापुढची मोकळी पट्टी, जाण्यायेण्याच्या वाटा आणि वाहनतळ वजा करावे लागतात. सभेनंतर आयोजकांचा आणि पोलिसांचा आकडा जुळत नाही त्यामागे प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. दाटीचा अंदाज बदलला की आकडा दुप्पट होतो.

टाळी ऐकू येते, नाराजी मात्र सहसा ऐकू येत नाही. ती पकडण्यासाठी पहिले यंत्र रेडिओच्या काळात निघाले. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि सीबीएस रेडिओतले फ्रँक स्टँटन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते बनवले. श्रोत्याच्या एका हातात हिरवे बटण आणि दुसऱ्यात तांबडे. आवडले की हिरवे दाबायचे, नावडले की तांबडे, काहीच वाटले नाही तर दोन्ही सोडून द्यायचे. सरकत्या कागदावर प्रत्येकाच्या बटणाची रेघ उमटे. १९४१ च्या नोव्हेंबरात लाझार्सफेल्ड यांनी सहकारी रॉबर्ट मर्टन यांना घरी जेवायला बोलावले आणि तेथून थेट स्टुडिओत नेले. युद्धकाळातल्या सरकारी कार्यक्रमांवर श्रोत्यांची बटणे चालू होती. मर्टन यांना त्यात एक उणीव जाणवली. माणसाने कधी बटण दाबले ते कागद सांगतो, का दाबले ते सांगत नाही. म्हणून कार्यक्रम संपल्यावर तोच कागद समोर ठेवून, ‘या ठिकाणी तुम्हाला काय वाटलं?’ असे विचारण्याची शिस्त त्यांनी घातली. आज जाहिरात कंपन्या आणि राजकीय पक्ष ज्या गटचर्चा घेतात त्यांचे मूळ या प्रश्नात आहे.

बटणाची जागा पुढे चकतीने घेतली. श्रोता ० ते १०० अशा आकड्यांची चकती फिरवत राहतो, ५० म्हणजे मध्य, आणि संगणक सेकंदासेकंदाला सरासरी काढतो. अध्यक्ष रेगन यांचे जनमत सल्लागार रिचर्ड वर्थलिन यांनी त्यांची भाषणे अशा रीतीने तपासली होती. दूरचित्रवाणीने ही सरासरीची रेघ वादसभेच्या चित्राखाली थेट दाखवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तिला ‘वर्म’, म्हणजे अळी, म्हणतात. न्यूझीलंडमध्ये २००२ च्या निवडणुकीत पीटर डन बोलू लागले की ही अळी वर चढे. त्यांच्या छोट्या पक्षाला त्या वेळी ८ जागा मिळाल्या. पण अशी रेघ प्रेक्षकाला दाखवावी का, याचे उत्तर २०१० मध्ये ब्रिटनमध्ये मिळाले. कॉलिन डेव्हिस, जेफ्री बॉवर्स आणि अमिना मेमन यांनी १५० जणांना पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची वादसभा थेट दाखवली आणि चित्रावर मुद्दाम फिरवलेली खोटी रेघ टाकली. बहुतेकांना ती खोटी असल्याची शंकाही आली नाही. तरीही वादसभा कोणी जिंकली, कोण पंतप्रधान व्हावे आणि मत कोणाला द्यायचे, या तिन्हींवर तिचा परिणाम झाला. थेट प्रक्षेपणाखाली सरकणाऱ्या बदामांना आणि प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांना हा निष्कर्ष लागू पडेल असे मानायला जागा आहे. अंतरवालीचे भाषण मोबाईलवर पाहणाऱ्याला ‘लाखो लोक पाहत आहेत’ हे आधी दिसते, वाक्य नंतर ऐकू येते.

सरासरीत आणखी एक धोका असतो, आणि वडीगोद्रीसारख्या ठिकाणी तो सर्वांत मोठा. आरक्षणावरचे एखादे भाषण गावातल्या ४० जणांना ऐकवले. वीस जणांनी चकती ९० वर नेली, वीस जणांनी १० वर आणली. सरासरी ५०, रेघ सपाट. कोणालाच काही वाटले नाही तरी रेघ अशीच सपाट येते. उभा दुभंगलेला गाव आणि झोपलेला गाव कागदावर एकसारखेच दिसतात. म्हणून समूहांच्या रेघा वेगळ्या काढाव्या लागतात आणि सरासरीबरोबर फैलावही मांडावा लागतो. प्रश्न कोणता विचारला यानेही आकडा बदलतो. ‘आवडलं का’, ‘पटलं का’ आणि ‘खरं वाटलं का’ हे मराठीत तीन वेगळे प्रश्न आहेत. ‘माणूस बोलतो झकास’ असे म्हणणाऱ्याची चकती पहिल्याला ८० वर आणि तिसऱ्याला ३० वर असू शकते.

ऐकणाऱ्याचा प्रतिसाद शिस्तीने मोजण्याचा महाराष्ट्रातला मोठा प्रयोग सभेत झाला नाही, तो रेडिओसमोर झाला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर येथे, १५० गावांत शेतकरी श्रोतृमंडळे उभी केली. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातली निवडक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करत आणि चर्चेचा अहवाल व शंका केंद्राकडे जात. शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि ते पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली झाले. तेही मूळचे व्हिएन्नाचे, म्हणजे बटणाचे यंत्र काढणाऱ्या लाझार्सफेल्ड यांच्याच शहरातले. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे अशा तिन्ही प्रकारच्या गावांत कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले गेले. मंडळांच्या गावांत माहितीत पडलेली भर बाकीच्यांहून ठळकपणे जास्त निघाली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

या प्रयोगाचे महत्त्व आजही उतरलेले नाही. न ऐकणाऱ्यांचीही मोजणी केल्याशिवाय ऐकल्याचा परिणाम कळत नाही, हे त्यात गृहीतच धरलेले होते. मोजलेला प्रतिसाद बोलणाऱ्याकडे परत जात होता आणि बोलणे त्यानुसार बदलत होते. अंबड तालुका तेव्हा हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात असल्याने वडीगोद्रीचा भाग या प्रयोगात नव्हता. मराठवाडा त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला आणि जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.

जाहिरातीच्या बाबतीत मापे शरीरापर्यंत गेली आहेत. मन चाळवले की तळहाताला किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. बोटांना जोडलेली तार हा फरक टिपते. मात्र चाळवणे आनंदाचे की संतापाचे हे घामावरून सांगता येत नाही. चेहरा वाचण्याची पद्धत पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांच्या १९७८ च्या संहितेवर उभी आहे. तीत भुवई, पापणी, ओठ यांच्या प्रत्येक हालचालीला क्रमांक दिलेला आहे. आता कॅमेरा आणि संगणक हे काम आपोआप करतात. २००९ मध्ये एमआयटीतून निघालेल्या अफेक्टिव्हा या कंपनीने ते जाहिरातींच्या चाचण्यांत रूढ केले. पण २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी आधीचे संशोधन पुन्हा तपासून इशारा दिला की चेहऱ्याच्या हालचालीवरून मनातली भावना खात्रीने ओळखता येत नाही. चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर किंवा सासरच्या ओसरीवर चेहरा कोरा ठेवण्याची सवय असलेल्या माणसांबाबत हा इशारा जास्तच लागू होतो.

जाहिरातीचा दर ठरतो तो बहुतांशी वाहिनीच्या प्रेक्षकसंख्येवर. ती मोजणारी बार्क ही संस्था निवडलेल्या हजारो घरांतल्या दूरचित्रवाणी संचांना मीटर जोडते आणि त्यावरून देशाचा अंदाज काढते. अशा काही घरांना पैसे देऊन ठराविक वाहिनी लावून ठेवायला सांगितले गेल्याचा आरोप ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ठेवला. बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. खटला पुढे मागे घेण्यात आला. पण मीटरची घरे थोडी असली की त्यांतली मूठभर घरे फिरवली तरी मोठा आकडा हलतो, हे या प्रकरणातून सर्वांना कळले.

टाळी आणि मत यांतले अंतर महाराष्ट्राने २०१९ मध्ये वर्षभरात दोनदा पाहिले. लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरे यांनी पक्षाचा एकही उमेदवार उभा न करता भाजपविरोधात सभा घेतल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणताच मैदाने दणाणत आणि तीच भाषणे घरोघरी मोबाईलवर पाहिली जात. निकालात राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप–शिवसेना युतीला मिळाल्या. सभा झालेल्या नांदेडमध्ये अशोक चव्हाण आणि सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले. सातारा राष्ट्रवादीने राखले आणि रायगड शिवसेनेकडून जिंकून घेतले. याउलट १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले, तेव्हा मैदानातली माणसे भिजत, डोक्यावर खुर्च्या धरून ऐकत होती. तीन दिवसांनी मतदान झाले आणि लोकसभेची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील यांनी जिंकली. पहिल्या उदाहरणावरून टाळी फुकट असते असे ठरत नाही आणि दुसऱ्यावरून ती मत देते असेही नाही. सभेला आधीच पटलेली माणसे येतात, तमाशा पाहायलाही येतात. न आलेल्यांच्या मनात काय चालले आहे हे मैदानातला कोणताही मीटर सांगू शकत नाही.

वडीगोद्रीत असे मोजमाप खरोखर करायचे झाले तर ते सभेच्या मैदानाबाहेर करावे लागेल. दोन्ही मंचांवरची प्रत्येकी पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत घ्यावी, आधी आणि नंतरच्या टाळ्या कापून टाकाव्यात, कारण त्या ऐकणाऱ्याला काय वाटायला हवे ते सुचवतात. ऐकणारे महामार्गावरच्या हॉटेलातले, मोसंबीच्या बागेतले, अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस तोडणारे आणि घराच्या ओट्यावर बसणाऱ्या बायका असे सगळे असावेत, आणि त्यांना एकत्र न बसवता एकेकट्याने ऐकवावे. निम्म्यांना एक फीत आधी, निम्म्यांना दुसरी आधी. चकतीऐवजी मोबाईलवर सरकवायची पट्टी चालेल. ऐकून झाल्यावर मर्टन यांच्या पद्धतीने रेघ दाखवून ‘इथं का?’ असे विचारावे. ज्यांनी दोन्हींतली एकही फीत ऐकली नाही अशा तितक्याच माणसांना तेच प्रश्न विचारावेत, आणि तीन आठवड्यांनी सगळ्यांकडे पुन्हा जाऊन, भाषणातले काय आठवते ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. विचारणारा त्या पंचक्रोशीतला नसावा, समूहाची खूण ऐकणाऱ्याने स्वतःच बंद पाकिटात टाकावी आणि उत्तराच्या कागदावर कोणाचेही आडनाव येऊ नये.